वानवळ्याला गेलेले जर्दाळू

थंडीत झाडाच्या मुळाशी बर्फ घालणाऱ्या माणसाकडे मी जाम करायला गेले होते, असं सांगितलं की ऐकणारे आधी माझ्याकडे बघतात आणि मग सहानुभूतीनं माझ्या नवऱ्याकडे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांनी माकणी पाहिलेली नाही त्यांना ती कळेल, आणि ज्यांना माझ्या डोक्याची काळजी वाटते त्यांची काळजी मिटेल किंवा वाढेल, जे काही व्हायचं ते होईल.

मी वाईची. डोंगरावरून उतरणारी स्ट्रॉबेरी आणि तुती शिजवून बरण्यांत भरणं हा माझा कित्येक वर्षांचा उद्योग. जामच्या बाबतीत मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. माझी मैत्रीण नसीम पूर्वी आमच्या गल्लीत राहायची, शाळेत शिकवायची. मग तिची बदली होऊन ती माहेरच्या गावी, लोहारा तालुक्यातल्या माकणीला गेली. यंदा एप्रिलात तिचा फोन आला.

"अब्बांच्या जर्दाळूला फळं आलीत. लगेच निघ. शुक्रवारपर्यंत जाम झाला नाही, तर अम्मी झाड तोडणार आहे."

माकणीत जर्दाळू, हेच मला पटेना. जर्दाळू थंडीचं झाड. हिवाळाभर चांगलं गारठून झोपल्याशिवाय ते फुलत नाही. आमच्या डोंगरावर धुक्यात स्वेटर घालून हिंडावं लागतं, तिथंही ते कुणाला धड जमत नाही. मराठवाड्यात ते कुठून फळणार? तरी मी जामचं जाड बुडाचं पातेलं, लाकडी उलथनं आणि काचेची बरणी पिशवीत घातली. आयुष्यात कधी ताज्या जर्दाळूचा जाम केला नव्हता, आणि ती संधी मी कुणाच्या बापासाठीही सोडणार नव्हते.

मंगळवार, माकणी

सोलापूरहून नळदुर्गमार्गे लोहारा आणि तिथून माकणी. प्रवासाबद्दल इतकंच सांगते की एप्रिलात एसटीत खिडकीची जागा हट्टानं मागू नये. माकणीशेजारी तेरणेचं धरण आहे. पाणी खाली गेलेलं, काठाची काळी माती भेगाळलेली, आणि त्या भेगाळलेल्या मातीवर कुणीतरी निवांत कलिंगडं लावलेली. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे पाहुण्यांचा हंगाम. इथं उन्हाळा म्हणजे दुपारी कुणी कुणाशी बोलायचं नाही.

नसीमच्या घरापुढं मोठं अंगण आणि अंगणाच्या बरोबर मध्ये ते झाड. खोडाला ओली गोणपाटं गुंडाळलेली, डोक्यावर हिरवी जाळी. एखाद्या आजारी माणसाला पांघरुणात बसवावं तसं ते दिसत होतं. चार पावलांवर बांधलेल्या शेळ्या त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

झाडाचे मालक मेहबूबचाचा, म्हणजे नसीमचे वडील. जन्मभर ट्रक चालवला. द्राक्षं घेऊन उत्तरेत जायचे, सफरचंदं घेऊन परत यायचे. शेवटच्या खेपेला हिमाचलातून जर्दाळूचं रोप सीटखाली ठेवून घेऊन आले आणि बायकोला म्हणाले, "तिकडं पहाडात पावावर ह्याचा जाम लावून खात्यात. तुला बी खिलवतो." त्याला आता कित्येक वर्षं झाली. झाड वाढलं, पानं आली, गेली. फळ नाही. कुणीतरी सांगितलं की त्याला थंडी पाहिजे. तेव्हापासून चाचा दर हिवाळ्यात लोहाऱ्याहून बर्फाची लादी आणतात आणि संध्याकाळी फोडून मुळाशी पसरतात. घरातला फ्रिजही झाडाचाच. मला जाम घट्ट झाला का ते बघायला गार बशी लागते, ती ठेवायला मी बर्फाचा कप्पा उघडला, तर आत जुन्या दह्याच्या डब्यांत बर्फच बर्फ. बशी शिरायला जागा नव्हती.

"मला ताप आला तवा कपाळावर वली पट्टी ठिवली न्हाय ह्यांनी," जैनबचाची म्हणाल्या. त्या चाचांच्या बायको आणि शेळ्यांच्या मालकीण. "झाडाला मातर बर्फ. लई लाडाचं हाय."

चाचींना त्याच जागी शेळ्यांसाठी पत्र्याचं शेड पाहिजे होतं. शेवटी नवरा-बायकोत करार झाला होता. यंदा घरात जर्दाळूच्या जामची एक बरणी भरली तर झाड राहणार, नाही तर शेड. पत्रेवाल्याला शुक्रवारी बोलावून ठेवलेलं होतं. आणि यंदाच, का कोण जाणे, झाडानं चाचांवर दया केली होती.

चाचांनी मला टोपली दाखवली. खरंच जर्दाळू होते! लहान, पिवळे, एका गालावर लाली. वास घेतला आणि मी जागच्या जागी पाघळले. बरणीभर जाम आरामात झाला असता. मग चाचा-चाचींना समोर बसवून मी जामवर प्रवचन झोडलं. बी काढायची, बिया फोडून आतला गर थोडा घालायचा, साखर किती, लिंबू कधी, आणि बशीवर थेंब टाकून बोटानं ढकलला की त्याला सुरकुती पडली पाहिजे.

"सुरकुती पडूस्तोवर बसायाचं?" चाची म्हणाल्या. "मग आमी झालाव की तयार."

जेवण झालं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ. ऊन कमी झालं की चूल पेटवू, असं ठरवून मी आडवी झाले. ही माझी चूक, मी मान्य करते. उठले तर टोपली रिकामी.

"चाचा, जर्दाळू?"

"वानवळ्याला गेले की, बेटी," चाचा प्रसन्नपणे म्हणाले.

वानवळा म्हणजे शेतात, परसात काही पहिल्यांदा पिकलं की ते घरात खाण्याआधी शेजारीपाजारी, नात्यागोत्यात पाठवायचं. आमच्याकडेही देतात. पण खरं सांगायचं तर चांगला माल पेटीत भरून बाजारात जातो आणि दबलेला, तिरका माल शेजाऱ्यांकडे. चाचांनी मात्र निवडून निवडून चांगला माल दिला होता, आणि ज्यांनी त्यांच्या झाडाला हसून घेतलं होतं त्या प्रत्येकाला दिला होता. हसणारे बरेच होते. काही माकणीतले, एक डबा तुळजापूरला आणि एक डबा भूमला. दोन्ही डबे दुपारच्या एसटीत ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती रवाना झाले होते.

"अब्बा, आणि जाम?" नसीमचा आवाज चिरकला.

"वानवळा द्यायाच्या आदी घरात कसं शिजवायाचं? आन् वर शेंड्याला हायेत की अजून. माझं काय डोकं फिरलंय व्हय समदे वाटायला?"

आम्ही वर बघितलं. शेंड्याकडची जाळी एका बाजूनं सुटली होती आणि आत राघूंची पंगत बसली होती. चाचांनी टाळ्या वाजवल्या, टॉवेल फिरवला, हॉर्नसारखा आवाज काढला. राघू उडाले. शेंड्याला फक्त देठ राहिले होते.

चाची दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. "आता जावा अन् मागून आणा," त्या म्हणाल्या. "वानवळा परत मागितल्याला अजून तरी कुणी ऐकला न्हाय. बगू तुमीच पहिले व्हताव का."

संध्याकाळी नसीम आणि मी शेजारच्या काशीबाईंकडे उगाच बसायला गेलो. मागायचं नाही, फक्त दिसतात का बघायचं, असं ठरलं होतं. काशीबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वरण आंबूस आणि फार छान लागलं. मी तोंडभरून कौतुक केलं.

"त्येच की मेहबूबभाईंचं फळ," काशीबाई खूश होऊन म्हणाल्या. "लई आंबूस निघालं. म्हनलं वरणात घालावं, चिच कशाला नासायची?"

मी वाटी खाली ठेवली. हिमाचलचं रोप, इतक्या वर्षांचा बर्फ, आणि शेवटी चिंचेऐवजी! पुढच्या घरी जर्दाळू देवापुढं ठेवलेले, त्यांना हात लावता येईना. त्याच्या पुढच्या घरी माहेरपणाला आलेल्या गरोदर लेकीनं आवडीनं खाल्ले होते आणि अजून आहेत का म्हणून तिनंच आम्हाला विचारलं.

बुधवार, तुळजापूर

सकाळच्या गाडीनं चाचा, नसीम आणि मी तुळजापूरला निघालो. चाचांना मी सारखं बजावत होते की नुसतं भेटायला आलोय असं म्हणायचं आणि मग हळूच विषय काढायचा. चाचा मान हलवत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्यांना फक्त स्तुती ऐकायला जायचं होतं.

तुळजापुरात अण्णा म्हणून त्यांचे जुने दोस्त आहेत. देवळाच्या रस्त्यावर त्यांचा लॉज. ट्रकच्या दिवसांत चाचा प्रत्येक खेपेला त्यांच्याकडे चहा प्यायचे आणि अण्णा देवीचा अंगारा ट्रकच्या आरशाला लावून द्यायचे. आम्ही पोहोचलो तेव्हा लॉजच्या पायऱ्यांवर सोलापूरकडच्या यात्रेकरूंची गर्दी होती आणि अण्णा मध्ये उभे राहून सुरीनं काहीतरी कापत होते. इतके पातळ काप की त्यांतून पलीकडचं देऊळ दिसावं.

"या, म्हेबूबराव, या!" अण्णा ओरडले. "तुमचंच वाटप चालू हाय. एकट्यानं खाऊन कसं जमंल? म्हनलं समद्यांना दावावं, आमच्या दोस्तानं बर्फ घालून झाड फळाला आणलंय."

लोक हात पुढे करून एकेक काप घेत होते, कपाळाला लावत होते आणि तोंडात टाकत होते. रांग वाढत चालली होती. एका म्हाताऱ्या बाईंनी हा कुठल्या देवाचा प्रसाद म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, "ट्रकवाल्याचा." बाईंनी तरीही कपाळाला लावला.

माझ्या डोळ्यांदेखत शेवटच्या जर्दाळूचे पाच-सहा काप झाले आणि पाच-सहा गावांना गेले. एका माणसानं तर बी मागून घेतली आणि रुमालाच्या गाठीत बांधली. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झाडाच्या आठवणीनं. पण ते म्हणाले, "बगा बेटी, कुठं कुठं पोचलं माझं झाड." मला त्यांना दोन शब्द सुनावायचे होते. त्याऐवजी मी त्यांना माझा रुमाल दिला.

निघताना अण्णांनी डबा हातात दिला तो जड होता. वानवळ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हीसुद्धा इकडची रीत. पेढे आणि शेंगदाण्याची चटणी ठासून भरली होती. पेढ्यांचा जाम होत नाही, हे मी कुणाला सांगणार?

गुरुवार, भूम

आता एकच आशा उरली होती, भूमचा डबा. तो गेला होता चाचींच्या भावाकडे, रशीदमामूंकडे. झाडाला सगळ्यांत जास्त हसलेला माणूस हाच. कुठल्याही लग्नात भेटला की विचारायचा, "दुल्हाभाई, बर्फाला पानं फुटली का?"

जिल्ह्याच्या त्या पश्चिम टोकाला माळरान आणखी कोरडं होत जातं. त्या कोरड्या माळावर लोकांनी दुभती जनावरं पाळून खव्याचा धंदा उभा केला आहे. मामूंचीही खव्याची भट्टी होती. मोठ्या कढईत दूध आटत होतं आणि मामू घामानं निथळत ते खरवडत होते. आटवण्याचं काम मला कळतं, त्यामुळं माणूस मला पाहताक्षणी आवडला. जेमतेम चहा होईपर्यंत आवडला.

"डबा आला ना?" चाचांनी विचारलं.

मामूंनी फळीवरून डबा काढून समोर ठेवला. झाकण उघडलं. आत सगळेच्या सगळे जर्दाळू, एकही कमी नाही! मी नसीमचा हात इतका जोरात दाबला की ती ओरडली.

"खाल्ले नाहीत?" मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

"कशाला खाऊ?" मामू म्हणाले. "हे सोलापूरच्या बाजारातून आणल्यालं हाय. मला काय कळत न्हाय व्हय? समद्यांना दावायला ठिवलंय. दुल्हाभाई, घ्या तुमचं तुमाला परत."

आणि त्यांनी डबा चाचांच्या मांडीवर ठेवला. माझ्या मनात घंटा वाजू लागल्या. अपमान झाला तर झाला, चाचा, उचला आणि चला! साखर तयार आहे, लिंबू तयार आहे, रात्रीपर्यंत बरणी भरते! मी उठूनही उभी राहिले.

चाचांनी डबा मांडीवरून उचलला, झाकण लावलं आणि परत मामूंसमोर सरकवला.

"दिल्याला वानवळा म्या परत घेत न्हाय," ते म्हणाले.

"अब्बा!" नसीम म्हणाली. "उद्या झाड तुटेल. ह्या डब्याची बरणी होईल, अब्बा."

"तुटू दे. उद्या कुऱ्हाड म्याच घालतो. पन वानवळा परत घेतला असं माझ्या घरानं कवा केलं न्हाय."

मामू कढईकडे वळता वळता थांबले. त्यांना करार ठाऊक नव्हता. नसीमनं सगळं सांगितलं, बरणी, शेड, पत्रेवाला. मामूंनी झाकण काढून एक जर्दाळू उचलला, उलटासुलटा केला, वास घेतला.

"बाजारातलं असतं तर वानवळ्याची रीत कोन बगतंय, कवाच उचलून पळाला असता तुमी," ते हळूच म्हणाले. "खरंच झाडाचं हाय का, दुल्हाभाई?"

चाचांनी डबा आणखी पुढं सरकवला. मामूंनी जर्दाळू तोंडात टाकला. त्यांचा चेहरा आक्रसला, मग सैल पडला, मग फुलला. "माशाल्ला!" ते म्हणाले आणि दुसरा घेतला. मग तिसरा. मला ओरडावंसं वाटत होतं. पश्चात्ताप झालेल्या माणसाला मध्येच थांबवावं कसं? प्रत्येक घासाला ते चाचांची माफी मागत होते आणि प्रत्येक माफीबरोबर माझा जाम कमी होत होता. त्यांचा पश्चात्ताप फार मोठा होता. डब्यात शेवटी बियाच उरल्या.

मग ते उठले, चाचांना मिठी मारली आणि डब्यात गरम खवा भरून दिला. परतीच्या एसटीत मी एकटीच चिडलेली होते. चाचा खिडकीशी गाणं गुणगुणत होते.

शुक्रवार, पुन्हा माकणी

सकाळी अंगणात पत्रे येऊन पडले होते. पत्रेवाला लांबी-रुंदी मोजत होता आणि शेळ्या त्याच्या टेपचं टोक चावत होत्या. चाची ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी, आम्ही नव्हतो तेव्हा माकणीतून परत आलेली ताटं-वाट्या मांडलेली, त्यांत गूळ, कैऱ्या, तिखट, एकात तर अंडी.

"जाम?" चाची म्हणाल्या.

आम्ही पेढे, चटणी आणि खवा त्यांच्यासमोर ठेवला. मी वकिली करायचा प्रयत्न केला. झाडानं आपलं काम चोख केलं आहे, दोष झाडाचा नाही, पुढच्या वर्षी मी फळं तोडायच्या दिवशीच येईन आणि टोपलीवर बसून राहीन. चाचींनी माझं शांतपणे ऐकून घेतलं. वितळणारही नाहीत आणि चिडणारही नाहीत असा त्यांचा चेहरा होता.

"ठरल्यालं ठरल्यालं," चाचाच म्हणाले. ते आत जाऊन कुऱ्हाड घेऊन आले. झाडाजवळ गेले, गोणपाट सोडू लागले. सवयीनं त्याची घडी घातली आणि बाजूला ठेवली. माझा जीव तुटत होता. नसीम तोंड फिरवून रडत होती.

"अवं," चाचींनी हाक मारली. "कुऱ्हाड घालायच्या आदी यवडं तरी सांगा. लागतं कसं ते?"

"काय?"

"फळ वो. चवीला कसं लागतं?"

चाचांनी कुऱ्हाड खाली टेकवली. आठवल्यासारखं केलं.

"म्या कुठं खाल्लं?" ते म्हणाले. "वाटताना भानच न्हाय राह्यलं."

पत्रेवाल्यानं टेप गुंडाळून हातात धरला.

"इतकी वर्सं बर्फ वाहिला," चाची म्हणाल्या, "अन् एक बी तोंडात न्हाय घातलं?"

"रशीदनं खाल्लं. लई आवडलं त्याला," चाचा म्हणाले, जणू त्यात सगळं आलं.

चाची उठल्या. तरातरा अंगणात आल्या, नवऱ्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली आणि पत्रेवाल्यावर कडाडल्या, "काय बगालास? पत्रे उचल तितनं! शेड त्या कोपऱ्यात घाल, ह्यांच्या बाजंच्या जागी. ह्यांना झाडाखाली झोपू दे." मग चाचांकडे वळल्या. "पुढच्या साली पहिलं फळ तुमी खायाचं. माझ्यासमोर. मग वानवळा."

"आदी घरात?" चाचा घाबरून म्हणाले. "लोक काय म्हनतील?"

"लोकांचं म्या बगते."

चाचा घडी घातलेलं गोणपाट उचलून पुन्हा खोडाला गुंडाळायला लागले. एक गाठ मारून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"आन् तू?"

"म्या दुसरं," चाची म्हणाल्या आणि पत्रेवाल्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.